पॉलिसीवरचा आकडा एकदा बघा

विमा कंपनीत क्लेमला बसणाऱ्या माणसाला क्लेम कापायचे पैसे मिळतात असं खूप जणांना वाटतं. नाही मिळत हो. पगार ठरलेला आहे, आणि समोर बसलेल्या माणसाला "काका, एवढेच मिळतील" हे सांगायचं काम पण ठरलेलं आहे. मी एका मोठ्या कंपनीच्या रत्नागिरी भागातल्या ब्रँचला आहे, नाव लिहीत नाही.

22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर बाहेरच्यांना टीव्हीवर दिसला, आम्हाला फायलींमधून दिसला. बाजारपेठेतली दुकानं अख्खी पाण्याखाली, लाईट नाही, फोन नाही, हायवेवरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचलेला, सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघून मोजणारे, बाहेरून यायचे तर ते पोचणार कसे. आणि इकडे दुकानदाराच्या डोक्याला ताप की भिजलेला माल ठेवायचा की फेकायचा, कारण सर्व्हेअरने माल बघायला पाहिजे आणि चिखलातल्या कापडाला दोन दिवसात असा वास सुटतो की शेजारी उभं राहू देत नाहीत. लोकांनी फोटो काढले आणि माल रस्त्यावर टाकला. दुसरं करणार काय? बिलबुकं आणली ती पानाला पान चिकटलेली, उलगडायला गेलं की फाटायची. ज्यांचे हिशोब सीएच्या कॉम्प्युटरवर होते, जीएसटी रिटर्न वेळेवर भरलेले होते, त्यांचं काम त्या मानाने सोपं झालं.

पण खरी वाट लागली ती वेगळ्याच गोष्टीने. बँकेने लोन दिलं 10 लाखाचं, म्हणून विमा काढला 10 लाखाचा. दुकानात माल 20 लाखाचा. नुकसान झालं 12 लाखाचं. माणूस म्हणतो 12 राहू दे, विमा 10 चा आहे ना, मग 10 तरी द्या. हिशोब तसा होत नाही. मालाच्या किमतीच्या निम्म्याचाच विमा, म्हणून नुकसानीचे पण निम्मेच, 6 लाख, त्यातून एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये ग्राहकाने स्वतः सोसायचा ठरलेला भाग, वजा. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आली, त्यात विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कापत नाहीत, ही चांगली सुधारणा आहे, पण निम्म्यानेच कमी असेल तर ती काय पुरणार.

एक आजोबा होते, कापडाचा धंदा. मी आकडेमोड कागदावर करून दाखवली, त्यांनी ती शांतपणे पूर्ण बघितली आणि म्हणाले, "मॅडम, हे हप्ता घेताना कुणी सांगितलं नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॉलिसीची कॉपी त्यांच्याकडे नव्हतीच, ती बँकेच्या फाईलला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, हे फक्त ग्राहकाने वाचलं नाही म्हणून होत नाही. मार्च आला की सगळ्या ब्रँचेसना प्रीमियमचं टार्गेट, रोज संध्याकाळी आकडा वर पाठवायचा, त्या गडबडीत गेल्या वर्षीची पॉलिसी तशीच रिन्यू होते, दुकान वाढलं का, माल वाढला का, कोण विचारतो? विचारायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं कुठल्याच रिपोर्टमध्ये मोजली जात नाहीत. ती मोजली पाहिजेत. विकणाऱ्याला एकदा तरी क्लेमच्या टेबलावर आणून बसवलं पाहिजे, मी मीटिंगमध्ये हे बोलले आहे आणि परत बोलणार आहे.

नोकरी वाईट आहे असं नाही म्हणायचं मला. चेक जमा झाल्यावर शटर परत उघडलेलं बघायला मिळतं, ते समाधान मोठं आहे. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगरकडची उडालेली छपरं बघितली तेव्हापासून तर वाटतं की कोकणात घराचा विमा पाहिजेच. भारत गृह रक्षा या घराच्या पॉलिसीमध्ये विम्याची रक्कम थोडी कमी पडली म्हणून नुकसानभरपाई कापत नाहीत, हेही खूप जणांना माहीत नाही.

तर दुकान असेल, लोन असेल, तर या आठवड्यात बँकेत जा आणि पॉलिसीची कॉपी मागून घ्या, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यावरची विम्याची रक्कम आणि सीझनला भरलेला माल ताडून बघा. पूर, वादळ कव्हर आहे का तेही बघा. क्लेम चुकीचा कापला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, तिथे दाद लागली नाही तर विम्याच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही, वकील लागत नाही. कागद समजत नसेल तर कमेंटमध्ये सांगा, रविवारी मी घरीच असते, फक्त पॉलिसी नंबर इथे टाकू नका.