जुन्या लॅपटॉपला एसएसडी टाकून उपयोग नाही म्हणे?

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, "जुन्या लॅपटॉपला एसएसडी म्हणजे पैसे पाण्यात". (एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क.) कारणं चार दिलीत: पोर्ट जुना म्हणून स्पीड अर्धाच मिळतो, खरी गरज रॅमची असते, एसएसडी दोन वर्षांत झिजते, आणि टाकायचीच तर एनव्हीएमईच (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार) टाका. हे वाचून लोक चांगले लॅपटॉप अडगळीत टाकतात, त्याचं वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

आधी पोर्टचं बघू. साटा म्हणजे लॅपटॉपला डिस्क जोडायचा पोर्ट, त्यातल्या जुन्या साटा 2 ची मर्यादा सेकंदाला 3 गिगाबिट, प्रत्यक्षात साधारण 280 एमबी पर सेकंद मिळतात आणि साटा 3 वर तीच एसएसडी 550 च्या आसपास जाते, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण विंडोज चालू होताना किंवा ब्राउझर उघडताना काय एकच मोठी फाईल सलग वाचायची नसते, हजारो बारक्या फाईली इकडून तिकडून गोळा करायच्या असतात आणि खरा वेळ तिथे जातो. 5400 आरपीएमच्या हार्डडिस्कच्या तबकडीला एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी साडेपाच, वर हेड सरकायचा वेळ वेगळा, सगळं धरून 15 च्या आसपास, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणं वाचून झाली की संपलं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, तिचं हेच काम 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास होतं. हा फरक साटा 2 वरही तसाच राहतो. मेसेज लिहिणाऱ्याने मोठा आकडा बघितला आणि हे बघितलंच नाही.

रॅमबद्दल अंदाज कशाला, विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ना, कशावर किती ताण आहे ते त्यात दिसतं. लॅपटॉप अडकलेला असताना डिस्क 100 टक्के आणि मेमरी (म्हणजे रॅम) निम्मी रिकामी दिसली तर रॅम वाढवून काहीच होणार नाही. मेमरी पण भरलेली असेल तर दोन्ही लागेल, कारण रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच लिहायला लागतं. आणि सीपीयूच (प्रोसेसर) कायम 100 वर असेल तर मात्र एसएसडीने फार फरक पडणार नाही, तिथे मेसेजशी माझं भांडण नाही.

झिजण्याची भीती तर सगळ्यात पोकळ. 500 जीबीच्या चांगल्या साटा एसएसडीवर 300 टीबी (1 टीबी म्हणजे 1000 जीबी) लिहिण्याची हमी असते. रोज 20 जीबी लिहिलं, आणि साध्या वापरात तेवढंही होत नाही, तरी वर्षाला सव्वासात टीबी, करा हिशोब, चाळीस वर्षं. त्याआधी लॅपटॉपच जाईल. फक्त एसएसडीला डीफ्रॅग (फाईलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) करत बसू नका, त्याने उगाच लिहिणं वाढतं.

राहिलं एनव्हीएमई. बऱ्याच जुन्या लॅपटॉपला तो स्लॉटच नसतो, आणि एम.2 स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) दिसला तरी तो फक्त साटावाला असू शकतो, तिथे एनव्हीएमई बसली तरी चालणार नाही. मॉडेलचं मॅन्युअल बघूनच घ्या. बहुतेकांना लागते ती साधी अडीच इंची, 7 मिलिमीटर जाडीची, आणि कप्पा 9.5 चा असेल तर वर पातळ फ्रेम लावली की हलत नाही. डीव्हीडी ड्राईव्हच्या जागी कॅडी (दुसरी डिस्क बसवायची चौकट) लावणार असाल तर एसएसडी मुख्य जागेवर आणि जुनी हार्डडिस्क कॅडीत, उलटं नको, कारण काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा पोर्ट हळू असतो. डिस्कऐवजी ईएमएमसी (साठवणीची चिप) बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर ती काढून बदलता येत नाही, ते आधीच तपासा.

आणि जी गोष्ट मेसेजमध्ये असायला हवी होती ती नाहीच: हार्डडिस्क बऱ्याचदा खडखडून इशारा देते, एसएसडी गपचूप जाऊ शकते, आणि ट्रिम (डिलीट झालेल्या फाईलची जागा साफ करणारी सोय) चालू असल्यामुळे डिलीट झालेली फाईल परत मिळणं अवघड. त्यामुळे क्लोन करायच्या (जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवायच्या) आधी फोटो आणि कागदपत्रांची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि नंतरही काढत राहा.