आकडा कसा फेकावा

ब्रिटनमध्ये निवडणूक लढवायचं तुमच्या मनात आहे असं कळलं. उत्तम! फारसं भांडवल लागत नाही. कोटावर लावायचा पक्षाच्या रंगाचा बिल्ला, गुळगुळीत कागदावरचं पत्रक, अनोळखी दारं वाजवण्याइतका निगरगट्टपणा आणि एक आकडा. पहिल्या दोन गोष्टी पक्ष पुरवतो, तिसरी अंगात असावी लागते. आकड्याचं मात्र शिकून घ्यावं लागतं, म्हणून हा प्रपंच.

अडचण एवढीच, की या देशात खरे आकडे फुकट मिळतात. हाउस ऑफ कॉमन्सची स्वतःची लायब्ररी आहे, १८१८ पासूनची. तिथली अभ्यासू मंडळी सत्ताधारी आणि विरोधी खासदारांना एकच माहिती देतात, बाजू कुणाचीच घेत नाहीत, आणि वर आपली टिपणं वेबसाइटवर टाकून ठेवतात. कुणीही वाचावीत! सरकारी आकडे काढायला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आहे. त्या आकड्यांची कोणी मोडतोड करत नाही ना, हे बघायला स्टॅटिस्टिक्स अथॉरिटी आहे. उरलंसुरलं तपासायला 'फुल फॅक्ट' नावाची संस्था टपलेली असते. एवढ्या सज्जनांच्या पहाऱ्यात थाप पचायची कशी, अशी चिंता तुम्हाला वाटेल. सोडा ती. आजवर सगळ्यांच्या पचल्या आहेत.

सुरुवात सोप्या धड्याने करू. खर्च सांगा, वजाबाकी सांगू नका. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की नाही यावरच्या २०१६ च्या सार्वमतातली ती लाल बस आठवते ना? आपण दर आठवड्याला युरोपियन युनियनला ३५ कोटी पौंड पाठवतो, असं तिच्यावर लिहिलं होतं. थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली सूट त्यातून वजाच केलेली नव्हती. म्हणजे ते पैसे देशाबाहेर जातच नव्हते. शेतकऱ्यांकडे आणि विद्यापीठांकडे परत यायचे ते आणखी वेगळे. अथॉरिटीचे तेव्हाचे अध्यक्ष सर अँड्र्यू डिलनॉट यांनी मतदानाच्या आधीच सांगितलं, की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. बस फिरत राहिली. सप्टेंबर २०१७ मध्ये परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी तोच आकडा पुन्हा वर्तमानपत्रात लिहिला, तेव्हा नवे अध्यक्ष सर डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनी त्यांना पत्र धाडलं, की हा अधिकृत आकडेवारीचा उघड गैरवापर आहे. चार महिन्यांनी जॉन्सन म्हणाले, बसवरचा आकडा चुकलाच होता, आम्ही तो फारच कमी सांगितला! त्यानंतर दीड वर्षात ते पंतप्रधान झाले. यातून काय शिकायचं ते तुम्ही शिकला असालच.

तर सांगायचा मुद्दा, पत्राला भ्यायचं नाही. या देशात आकड्याचा खून केला तर शिक्षा म्हणून पत्र येतं. तेही अत्यंत सभ्य भाषेत. एप्रिल २०२० मध्ये आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक यांनी रोज एक लाख कोविड चाचण्यांचं लक्ष्य गाठलं. १ लाख २२ हजार ३४७. त्यातली ४० हजारांच्या आसपास किट्स नुसती घरोघरी आणि केंद्रांवर धाडलेली होती, मोजली तेव्हा त्यांची काडी कोणाच्या नाकात जायचीच होती. पत्र आलं. पुढे पंतप्रधान झालेल्या ऋषी सुनक यांनी देशाचं कर्ज घटतंय म्हणून सांगितलं, मग आश्रयाच्या अर्जांचा जुना ढीग संपला म्हणून सांगितलं. ढिगातले साडेचार हजार अर्ज जागेवरच होते. पत्र आलं. पत्र वाचतं कोण? तुम्ही, तुमचा सचिव आणि माझ्यासारखे दोन-चार रिकामटेकडे.

गुन्हे कमी झालेले दाखवायचे असतील तर त्यातून फसवणूक वगळा. २०२२ मध्ये गृहखात्याने आणि पंतप्रधान जॉन्सन यांनी करून दाखवलंय.

चाळीस नवी रुग्णालयं बांधतो म्हणा, आणि जुन्या रुग्णालयाची नवी विंगही त्यात धरा.

चार वर्षांचा आकडा एका दमात सांगा आणि वर्षं गिळून टाका. जून २०२४ च्या टीव्हीवरच्या चर्चेत सुनक यांनी, विरोधी लेबर पक्ष आला तर प्रत्येक घराला दोन हजार पौंड जादा कर पडेल, हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी पाठ झालं. तो हिशेब चार वर्षांचा होता आणि विरोधकांच्या धोरणांचा खर्च स्वतःच्या सल्लागारांकरवी धरून केलेला होता. हे आकडे सनदी अधिकाऱ्यांनी काढले म्हणून मांडू नका, असं ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, सर्वोच्च अधिकाऱ्याने आधीच कळवलं होतं. (हो, तेही पत्राने.) आता लेबरवाल्यांनी फार हसू नये. सत्तेवर येताच त्यांनी सरकारी आरोग्यसेवेत वीस लाख जादा अपॉइंटमेंट्स दिल्याचा डंका पिटला. त्याच्या आदल्या वर्षीची वाढ याहून मोठी होती, हे सांगायची सक्ती थोडीच असते.

आलेख काढताना पट्टी वापरू नका. तुमचा खांब आभाळाला भिडू दे, दुसऱ्या नंबरचा त्याच्या कमरेला, आणि तिसऱ्याचा जमिनीतून उगवल्यासारखा. खाली लिहा, 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो'. ३१ आणि २८ टक्क्यांत इमारतीएवढं अंतर पडतं हे मला इथल्या पत्रकांवरूनच समजलं.

लायब्ररीकडून आकडे जरूर मागवा. मग टिपणातलं अर्धं वाक्य उचला आणि वर 'कॉमन्स लायब्ररीच्या विश्लेषणानुसार' असं ठोका. उरलेल्या अर्ध्यात 'मात्र' असतं, म्हणून ते नको.

आता मुख्य धडा, स्थलांतराचा. हा नीट घोकून घ्या, कारण सध्या बाकी काही आलं नाही तरी एवढ्यावर सीट निघते. नोव्हेंबर २०२४ च्या अंदाजानुसार जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेले वजा गेलेले, ९ लाख ६ हजार होतं. हा त्या वेळी जाहीर झालेला उच्चांक. एवढाच उचला. वर्ष लिहू नका. 'दर वर्षी' असंही लिहू नका, वाचणाऱ्याला ते आपोआप वाटलं पाहिजे. पुढच्या दोन वर्षांत तो घसरत जून २०२५ पर्यंतच्या वर्षासाठी २ लाख ४ हजारांवर आला, याची वाच्यता नको. आणि शेजारी फोटो कशाचा छापाल? हीथ्रो विमानतळाचा? छे! रबरी होडीचा. इंग्लिश चॅनेलमधली, माणसांनी गच्च भरलेली होडी. २०२३ च्या अख्ख्या वर्षात होड्यांतून आले २९ हजार ४३७. बाकीचे बहुतेक व्हिसाची फी भरून, आरोग्याचा अधिभार भरून, बॅगेत गोडा मसाला आणि लिंबाचं लोणचं घेऊन रांगेत उभे राहून आले. विद्यार्थी, नर्सेस, वृद्धांना न्हाऊमाखू घालणारे केअर वर्कर्स, त्यांच्या बायकापोरं. युक्रेन आणि हाँगकाँगची माणसं सरकारने स्वतः बोलावलेली. त्या वर्षीचा आकडा फुगला तो याच दारांनी, आणि उतरला तो बऱ्याच अंशी केअर वर्कर्सना आणि बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणायला २०२४ मध्ये बंदी घातली त्याने. व्हिसाचे नियमही सरकारनेच सैल केले आणि सरकारनेच आवळले. होडीचा यात संबंध काय? जवळजवळ काहीच नाही! पण आकडा नऊ लाखांचा आणि चित्र होडीचं, असं एका पानावर आलं की नऊ लाख माणसं होडीत बसतात. गणित लागतच नाही.

आणि त्यातही एक मखलाशी आहे. हा आकडा सांख्यिकी कार्यालयाने पहिल्यांदा सांगितला तेव्हा ६ लाख ७२ हजार होता. नवी माहिती हाती आली, पद्धत सुधारली, तसा तो ७ लाख ४० हजार झाला आणि मग ९ लाख ६ हजार. प्रत्येक वेळी कार्यालयाने स्वतःहून जाहीर केलं, का बदलला ते लिहिलं. तुम्ही मात्र म्हणायचं, 'बघा, लपवत होते!' जो आपला आकडा दुरुस्त करतो तो लबाड, आणि जो कधीच करत नाही तो ठाम नेता. ही व्याख्या एकदा रुजली की मग रान मोकळं.

हे सगळं मी मागच्या महिन्यात प्रत्यक्ष पाहिलं. आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची प्रश्नोत्तरं होती. एका पक्षाच्या उमेदवाराने तंतोतंत हाच प्रयोग केला, होडीसकट. मी लायब्ररीचं टिपण छापून नेलं होतं. उभं राहून विचारलं, की हा आकडा कोणत्या वर्षाचा? आणि यातले होडीने किती? त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या कागदावर काय असेल ते असो, दारोदारी लोक मला वेगळंच सांगतात." टाळ्या! सूत्रसंचालक म्हणाले, वेळ कमी आहे, पुढचा प्रश्न. पुढचा प्रश्न रस्त्यावरच्या खड्ड्यांचा होता.

म्हणून हेही लिहून घ्या. कोंडीत सापडलात की 'दारोदारी' म्हणा. दारात कोण काय बोललं याची नोंद कोणत्याच कार्यालयात नसते.

आणि माफी कधीही मागू नका. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मागितली होती. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाची साक्ष द्यायला ते लंडनला आले होते. पुण्यात प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली गोरे शिपाई अत्याचार करतात, असं आलेल्या पत्रांवर विसंबून ते इथल्या वर्तमानपत्राला बोलले. परत गेल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत, पुरावा उभा करता आला नाही, म्हणून त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पदरात काय पडलं? आपल्याच लोकांची टिंगल. तेव्हा बोललेलं सिद्ध करता येत नसेल तर आणखी मोठ्याने बोला.

गोखल्यांचं नाव निघालं म्हणून आठवलं, त्याच कमिशनवर दादाभाई नौरोजी सभासद होते. १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून निवडून येऊन ते याच कॉमन्समध्ये बसले. त्यांचं हत्यार काय होतं? सरकारचे स्वतःचे अहवाल. हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला जेमतेम वीस रुपये भरतं, हे त्यांनी इंग्रजांच्याच कागदांतून काढून दाखवलं. त्यासाठी वर्षानुवर्षं सरकारी अहवालांच्या निळ्या पुस्तकांत मान घालून बसले, बेरजा-वजाबाक्या केल्या. तेव्हा टिपण एका क्लिकवर मिळत नव्हतं.

आणि आपण? त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन रांगा पुढे बसलेले आपल्याच मंडळींपैकी एक गृहस्थ होते. विद्यार्थी व्हिसावर आलेले. मग नोकरी, मग बायको, मग घर. अहो, तुम्हीसुद्धा एका वर्षीच्या त्या आकड्यात होतात! तुम्हीही कुणाच्या तरी पत्रकातल्या होडीत बसला होतात, फक्त तुम्हाला ते कुणी दाखवलं नव्हतं. नंतर बाहेर गाठून विचारलं तर म्हणतात, "जाऊ द्या हो, ते आपल्याबद्दल बोलत नाहीयेत." मग कुणाबद्दल बोलतायत? नऊ लाखांत तुमच्या भाचीला वेगळा रकाना आहे का? ती गेल्या वर्षी मास्टर्सला आली, तीही मोजलीच गेली ना?

हे उमेदवार थापा मारतात कारण त्या खपतात. खपतात कारण आपण त्या विकत घेतो आणि वर ग्रुपवर फुकट वाटतो. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे राहण्याची परवानगी असेल तर या देशात मत देता येतं, याचं आपल्याला कौतुक आहे. पण त्या मताआधी दहा मिनिटं एक टिपण वाचायला वेळ नाही. मुलाला गणिताची शिकवणी लावायची, ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे मॉक पेपर आणायचे, टक्केवारीच्या उदाहरणाला मार्क गेला तर रागवायचं, आणि स्वतः 'दोन हजार पौंड' ऐकलं की दर वर्षी की चार वर्षांत, एवढंही विचारायचं नाही? लाज वाटली पाहिजे. इंजिनिअर आहोत म्हणे आपण! ऑफिसात कुणी एकक नसलेला आकडा समोर ठेवला तर त्याची शोभा करता, आणि दारात बिल्लेवाला आला की मान डोलावता.

पुढच्या वेळी कुणी आकडा घेऊन दारात आला तर त्याला आत घेऊ नका, पत्रकही घेऊ नका. वर्ष कोणतं, वजा काय केलं आणि काढला कुणी, हे तिथेच उभं करून विचारा. आणि होडीचा तो फोटो अजून आपल्या मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय. ज्यांनी टाकलाय त्यांनी आज संध्याकाळच्या आत काढावा.