पहिली इलेक्ट्रिक गाडी आणि दिवे घाटाचा हिशेब

सासवड ते पुण्यातले शिवाजीनगर आणि परत, असा माझा रोजचा प्रवास सुमारे ६५ किलोमीटरचा आहे आणि तो आठवड्यातून सहा दिवस करावा लागतो. पेट्रोलच्या स्कूटरवर रोज दीडशे रुपयांच्या आसपास खर्च होत असल्यामुळे इलेक्ट्रिक स्कूटर घेण्याचा विचार दोन वर्षे मनात घोळत होता. गेल्या वर्षी ती घेतली. घेण्यापूर्वी जो अभ्यास करावा लागला, तो लांबून ये-जा करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. रोजचा प्रवास १५-२० किलोमीटरचा असेल, तर बाजारातली कोणतीही बऱ्यापैकी गाडी चालून जाते. ६०-७० किलोमीटर जाणाऱ्याने मात्र जाहिरातीतली रेंज (एका चार्जमध्ये जाणारे अंतर) बाजूला ठेवावी आणि बॅटरी जुनी झाल्यावर, संध्याकाळी, रस्त्याच्या सर्वांत अवघड टप्प्यावर गाडी काय करील, याच एका प्रश्नावर निवड करावी.

हा प्रश्न मला पुण्याहून सासवडला परतताना चढाव्या लागणाऱ्या दिवे घाटाने शिकवला. खरेदीपूर्वी अंदाज यावा म्हणून मेहुण्यांची तीन वर्षे जुनी, लहान बॅटरीची स्कूटर मी आठवडाभर मागून घेतली होती. पहिले तीन दिवस ती उत्तम चालली. चौथ्या दिवशी मुसळधार पाऊस होता, हडपसरला तासभर कोंडीत गेला आणि घाटाच्या पायथ्याशी वडकीला पोहोचलो तेव्हा पडद्यावर ११ टक्के चार्ज उरला होता. चढ सुरू झाल्यावर दुसऱ्याच वळणावर गाडीने आपणहून ताकद कमी केली आणि मूठ पूर्ण पिळूनही काटा ताशी २२ किलोमीटरच्या वर जाईना. खाली मस्तानी तलावाच्या बाजूला सगळा काळोख, मागे मालाने भरलेला ट्रक आणि त्याच्या दिव्यांच्या उजेडात समोरच्या रस्त्यावर पडलेली माझीच लांब सावली, हे दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. घरी पोहोचलो, पण त्या रात्री वही घेऊन बसलो.

घाट बॅटरी खातो, असे सगळेच म्हणतात. गाडी आणि मी मिळून १९५ किलो आणि चढ २०० मीटर धरला, तर तेवढे वजन वर नेण्यास सुमारे १०६ वॅट-तास लागतात. मोटरमधली घट धरून १४० म्हणू. साडेतीन युनिटांच्या (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास) बॅटरीत हे प्रमाण जेमतेम ४ टक्के भरते, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या चार-पाच किलोमीटरांइतके. मग बॅटरी जाते कुठे? ती जाते वेगात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ४५ ऐवजी ६५ च्या वेगाने गेल्यास तो दुपटीहून अधिक होतो. घाटाची खरी अडचण वेगळी आहे. आमच्या दिशेने तो संध्याकाळी, बॅटरी रिकामी होत आलेली असताना येतो आणि नेमके तेव्हाच गाडी बॅटरी वाचवण्यासाठी ताकद आखडती घेते.

सकाळची गोष्ट याच्या उलट. उतारावर मोटर वीज तयार करून बॅटरीत परत भरते आणि गाडीला रोखूनही धरते. परंतु बॅटरी १०० टक्के भरलेली असेल, तर ती वीज घ्यायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मी म्हणून रात्रीचे चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवतो. शोरूममधल्या कोणीही मला हे सांगितले नव्हते.

बॅटरी किती मोठी हवी, याचे गणित मी असे मांडले. रोजचे ६५ किलोमीटर आणि अडीअडचणीसाठी १५ मिळून ८० किलोमीटर. माझ्या चालवण्यात किलोमीटरला ३३ वॅट-तास लागतात, म्हणजे साधारण २.६ युनिटे झाली. बॅटरीची क्षमता पुढे ७० टक्क्यांवर येईल असे धरले, तर नवी असताना ती पावणेचार युनिटांची असावी लागते. माझ्या कार्यालयात चार्जिंगची सोय नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मोठ्या बॅटरीवर पैसे घालू नयेत, लहान गाडी घेऊन दुपारी प्लग लावावा.

सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट वॉरंटीची आहे. '३ वर्षे किंवा ५०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते' हे वाक्य आपण वर्षांकडे पाहून वाचतो. माझे वर्षाला १८,००० किलोमीटर होतात. ५०,००० ची वॉरंटी माझ्यासाठी पावणेतीन वर्षांतच संपते आणि '८ वर्षे किंवा ८०,०००' ही आठ वर्षांची वाटणारी वॉरंटी साडेचार वर्षेसुद्धा टिकत नाही. लांबच्या प्रवाशाला किलोमीटरचा आकडाच खरा, आणि विक्रेत्यांनी तो ग्राहकाच्या रोजच्या अंतराने भागून सांगायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाढीव वॉरंटीचे पैसे मी त्यामुळेच न कुरकुरता भरले. कागदावर आणखी एक ओळ शोधावी : क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळेल.

विजेच्या बिलाचा हिशेबही नीट करावा. महिन्याला ६५ युनिटे वाढतात आणि घरचा वापर १०० च्या आत असेल, तर ही वाढ वरच्या दराच्या टप्प्यात जाऊ शकते. युनिटला १५ रुपये धरले, तरी रोजचा खर्च ४० रुपयांच्या आत बसतो. सॉकेट १५ अँपिअरचा असावा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी ती कधी बनली ते पाहावे, कारण २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे नियम त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कडक झाले.

सर्व्हिस सेंटरची चौकशी शोरूममध्ये करू नये. सकाळी नऊ वाजता सर्व्हिस सेंटरच्या दारात उभे राहावे आणि रांगेतल्या लोकांना विचारावे. मेहुण्यांची गाडी एका कंट्रोलरसाठी (मोटरला मिळणारी वीज नियंत्रित करणारा भाग) ११ दिवस पडून होती आणि कोपऱ्यावरचा नेहमीचा मेकॅनिक त्यात काहीही करू शकत नव्हता. मी कंपन्यांची यादी केली, तेव्हा माझ्या रोजच्या रस्त्यावर सेंटर नसलेली नावे पहिल्यांदा खोडली.

शोरूमची चाचणी फेरी सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरची असते आणि तिच्यावरून वरचे काहीच कळत नाही. सासवड, दिवे, जेजुरी परिसरातल्या कोणाला गाडी घ्यायची असेल, तर त्यांनी निरोप द्यावा. चार्ज २० टक्क्यांच्या खाली आला की वडकीपासून माझी गाडी तुम्ही स्वतः घाट चढवून पाहा, मी मागे बसेन.