‘एंटर द ड्रॅगन’ पुन्हा पाहू नका म्हणे!

लहानपणी डोक्यावर घेतलेला ब्रूस लीचा मारधाडपट ‘एंटर द ड्रॅगन’ मोठेपणी पुन्हा पाहू नका, पस्तावाल, असं सांगणारा मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यातले आरोप थोडक्यात असे: ब्रूस लीचा वेग ही कॅमेऱ्याची करामत आहे, गोष्ट बाँडपटांतून उचललेली आहे, शेवटची मारामारी एका म्हाताऱ्याशी आहे आणि आरशांची खोली हा निव्वळ देखावा आहे. थोडक्यात, आपल्या बालपणाच्या आठवणीपलीकडे त्यात काही नाही. मी तो नुकताच पुन्हा पाहिला. यातला एक आरोप खरा आहे. बाकीचे करणाऱ्यांनी चित्रपट नीट पाहिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वेगाचं बघू. फिल्म पळवली की पडद्यावरचं सगळंच पळतं. पडणारा माणूस झपकन पडतो, कपड्यांची सळसळ विचित्र दिसते, मागे उभी असलेली माणसंही झटक्याझटक्याने हलतात. आता खलनायक हानचा अंगरक्षक ओहारा याच्याबरोबरची लीची लढत लावा. दोघे मनगटाला मनगट टेकवून उभे आहेत. लीचा हात निघालेला कळेपर्यंत ठोसा बसलेला असतो, पण ओहारा कोसळतो तो अगदी नेहमीच्या गतीने. पुन्हा तसेच उभे राहतात, पुन्हा तेच घडतं. पळवलेल्या फिल्ममध्ये असं होणं शक्य नाही.

आणि या लढतीत वेगापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती मला या वेळी दिसली. ओहारा आणि त्याच्या माणसांनी घेरल्यावर लीच्या बहिणीने (ही भूमिका अँजेला माओची) फुटलेल्या काचेचा तुकडा स्वतःला खुपसून घेतलेला असतो. इथे हरत आलेला ओहारा बाटल्या फोडून तीच काच हातात घेतो. ली त्याला संपवतो तेव्हा कॅमेरा ओहाराकडे जातच नाही, लीच्या चेहऱ्यावर थांबतो. तो चेहरा जिंकलेल्या माणसाचा नाही. संताप, दुःख आणि आपण हे काय केलं याची वेदना, सगळं त्यावर संथ गतीत उमटत जातं. लीला अभिनय येत नव्हता म्हणणाऱ्यांनी ही काही सेकंदं तरी पाहावीत. मारामारीची आखणीही त्याचीच होती. सुरुवातीच्या लढतीत तो हाँगकाँगच्या सॅमो हंग या तरुण नटासमोर बोटं मोकळी ठेवणारे हातमोजे घालून उतरतो आणि जमिनीवर पेचात धरून लढत संपवतो. ठोसे, लाथा आणि पेच सगळं चालणारी यूएफसी ही स्पर्धा सुरू झाली १९९३ साली. हा चित्रपट १९७३ चा.

बाँडचा आरोप खरा आहे. एकाकी बेट, पांढरं मांजर, खलनायकाचा कृत्रिम हात, सगळं तिकडूनच आलंय. पण त्या साच्याच्या मध्यभागी उभं कोण आहे? ‘द ग्रीन हॉर्नेट’ या अमेरिकी मालिकेत नायकाची गाडी चालवणारा केटो रंगवलेला नट, म्हणजे ली. इथे ब्रिटिश अधिकारी ब्रेथवेट मदत मागायला त्याच्याकडे येतो. साचा जुना असेल, पण हॉलिवूडने तो एका चिनी नायकाला दिला हे नवीन होतं. २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ली गेला. चित्रपट अमेरिकेत लागला तो ऑगस्टमध्ये. त्याला हे यश बघताच आलं नाही, याची हळहळ आजही वाटते.

टीका करायचीच तर विल्यम्सबद्दल करा. जिम केलीने रंगवलेला हा कृष्णवर्णीय कराटेपटू पडद्यावर आला की नजर हटत नाही, आणि त्याला मध्यावरच मारून टाकलंय. ती चूक मला आज जास्त बोचते.

राहिला म्हातारा हान. ती भूमिका करणारा शी किएन तेव्हा साठीचा होता, हे बरोबर. पण वाँग फेइ-हुंग या चिनी लोकनायकावरच्या जुन्या चित्रपटमालिकेत वर्षानुवर्षं खलनायक गाजवलेला हा नट हाँगकाँगच्या प्रेक्षकांना घरच्यासारखा ओळखीचा होता. शिवाय ताकदीत लीपुढे टिकत नाही म्हणूनच हान पंजाला पाती लावतो आणि आरशांमागे लपतो. ही लढत बरोबरीची आहे असं चित्रपट कुठेच म्हणत नाही.

आरसे हा देखावा वाटतो, त्याला मात्र कारण आहे. मूळ प्रदर्शित प्रतीत सुरुवातीचा गुरू-शिष्य संवाद कापलेला होता. त्यात गुरू सांगतात की शत्रू प्रतिमांच्या आड लपतो, प्रतिमा फोडली की शत्रू मोडतो. १९९८ साली, पंचविशीनिमित्त आलेल्या आवृत्तीत तो संवाद परत जोडला गेला. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात आपण पाहिला तो त्याच्याशिवायचा चित्रपट. संवाद ऐकल्यावर ली आरसे का फोडत सुटतो हे सरळ कळतं, आणि बहिणीच्या हातातल्या तुकड्यापासून सुरू झालेली काच शेवटी खोलीभर पसरते. तेव्हा पुन्हा पाहायचा ठरवलात तर आधी तो संवाद असलेली आवृत्ती शोधा.