पांढऱ्या रश्श्याच्या पिशवीबद्दल: ताईंच्या तक्रारीला खानावळीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार रविवारी रात्रीच वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण लिहायच्या आधी काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या. तुम्ही एकच स्टार दिलाय, तो बदला असं मी म्हणणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी आमच्याकडून दोन मटण ताटांचं पार्सल नेलं. तांबडा आणि पांढरा रस्सा चुलीवरून उतरवल्या-उतरवल्या पातळ पिशव्यांत भरून, रबर लावून दिला. घरी पोचेपर्यंत पिशवी लिबलिबीत झाली होती, पांढऱ्या रश्श्याला प्लास्टिकचा वास मारत होता आणि तांबड्यात एक पिवळा प्लास्टिकचा तुकडा निघाला. घरात वहिनींना पाचवा महिना आहे. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "सगळीकडं असंच देतात." ताईंनी शेवटी लिहिलंय, "पैसे घेऊन कॅन्सर वाटताय."

आधी त्या मुलाचं. त्याच्यावर राग धरू नका. ते वाक्य माझं आहे. दहा गिऱ्हाइकांना मी तेच सांगितलेलं त्यानं ऐकलंय.

सोमवारी सकाळी मी पांढरा रस्सा केला. नेहमीसारखाच, मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ. एक पळी पिशवीत ओतली, एक स्टीलच्या डब्यात, आणि अर्धा तास दोन्ही झाकून ठेवलं. पिशवीचा तळ ताणून लोंबायला लागला होता, कोपऱ्यात पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. रबर सोडल्यावर पहिला वास आला तो नव्या रेनकोटचा. मिऱ्याचा, तमालपत्राचा वास त्याच्या मागून. डब्यातला रस्सा मात्र जसाच्या तसा होता. मी दोन्ही वाट्या घरातल्या सगळ्यांना हुंगायला दिल्या, कुणाला ओळखायला वेळ लागला नाही. ताई, पंचवीस वर्षं मी हा रस्सा करतेय आणि पार्सलचा रस्सा स्वतः कधी खाल्ला नव्हता.

कारण समजायला फार शिक्षण लागत नाही. या पिशव्या पॉलिथिनच्या. ते साधारण 105 ते 115 अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. आपला रस्सा शंभराच्या आसपास उकळत असतो. वर तेलाचा तवंग किंवा नारळाची साय. गरम आणि तेलकट, दोन्ही एकत्र आलं की प्लास्टिकमधली द्रव्यं अन्नात उतरायला सोपं जातं. पिशव्या मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून किलोवर आणायचे. मंगळवारी त्याच दुकानात जाऊन विचारलं, हे नक्की कशापासून बनतं, अन्नाला चालतं का. उत्तर मिळालं, "माल एक नंबर आहे, सगळे हाच नेतात." पिशवीवर कुणाचं नाव नाही, खूण नाही. म्हणजे मी जे वापरत होते ते काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं.

आणि हे बेकायदाही होतं, तेही लपवत नाही. आपल्या राज्यात मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, त्यात हॉटेलातून द्रव पदार्थ द्यायच्या पिशव्याही होत्या. पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड. पहिले काही महिने आम्ही सगळ्यांनी पाळलं. मग एकानं सुरू केलं, दुसऱ्यानं बघितलं, आणि मीही हळूच काउंटरखाली गठ्ठा ठेवायला लागले.

पिवळा तुकडा कुठून आला तेही सापडलं. आम्ही तेल 15 किलोच्या डब्यानं घेतो. त्या रविवारी गर्दीत डबा संपला, तेव्हा शेजारच्या किराणा दुकानातून एक-एक लिटरच्या पिशव्या आणल्या. कात्रीनं कोपरा कापला की नखाएवढा तिकोनी तुकडा सुटतो आणि तेलाबरोबर सरळ फोडणीत जातो. भटारखान्यातल्या बाईंना मी एक रिकामी पिशवी कापायला सांगितली आणि त्या तुकड्याचं काय होतं ते दोघींनी बघितलं. आता नियम केलाय, पिशवी कापायची वेळ आलीच तर चीर अर्धीच द्यायची, कोपरा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. दुधाच्या पिशवीलाही तेच. हे करताना इतर ठिकाणीही नजर गेली. कांदा-लसूण मसाला प्लास्टिकच्या बरणीत, तोही कांडून आणलेला कोमट असतानाच भरलेला. कांदा चिरायचा प्लास्टिकचा पाट, ज्याच्यावर सुरीच्या चरांची जाळी झाली होती, म्हणजे तेवढं प्लास्टिक कुठंतरी गेलंच. पाट लाकडी आणला, मसाला स्टीलच्या डब्यांत गेला.

आता कॅन्सरचं. इथं मला थोडं वेगळं बोलायचंय, रागावू नका. एका पार्सलनं कॅन्सर होतो असं कुणी डॉक्टर सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 च्या अहवालात म्हटलं होतं की सूक्ष्म प्लास्टिकमुळे, म्हणजे प्लास्टिकच्या अगदी बारीक कणांमुळे, माणसाच्या शरीराला नेमकं काय होतं हे ठरवायला पुरावा अजून पुरेसा नाही. आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक पोटात जातं असं जे तुम्ही लिहिलंय, त्या आकड्यावरही नंतर इतर संशोधकांनी मोठे आक्षेप घेतले. पण याचा अर्थ मी मोकळी झाले असा मी घेत नाही. माझी मुलगी फार्मसीला आहे. तिनं मला इटलीतल्या डॉक्टरांचा 2024 चा अभ्यास समजावून सांगितला. मानेच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर ज्यांच्यातून ऑपरेशन करून काढला, अशा 257 जणांवर पुढं जवळजवळ तीन वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या 150 जणांच्या थरात पॉलिथिन सापडलं. ज्यांच्यात प्लास्टिक होतं त्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका बाकीच्यांपेक्षा साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच झालं असं यातून सिद्ध होत नाही, हे तिनं दोनदा बजावलं. पण पॉलिथिन म्हणजे माझ्या काउंटरखालच्या गठ्ठ्याचीच जात, हे ऐकल्यावर रात्री झोप लागली नाही.

काही जणांनी तुमच्या तक्रारीखाली सुचवलंय की कागदी वाट्या-कप वापरा. तेही मी करणार नाही. कागदी कपाला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो, नाहीतर कागद भिजून लगदा झाला असता. खरगपूरच्या आयआयटीनं तपासलंय, अशा कपात 85 ते 90 अंशांचं 100 मिलिलिटर पाणी 15 मिनिटं ठेवलं तर त्यात 25 हजारांच्या आसपास सूक्ष्म कण उतरतात. मग रश्श्याला तो कप आणि तुम्हाला नुसतं समाधान. आमच्याकडं चहाही काचेच्या ग्लासातच मिळेल.

सोमवारपासून रस्सा पिशवीत देणं पूर्ण बंद केलंय. उरलेला गठ्ठा महापालिकेच्या गाडीवर दिला. आता घरून डबा किंवा किटली आणली तर पार्सलमागं दहा रुपये कमी. नसेल तर आमचा स्टीलचा डबा न्या, दीडशे रुपये अनामत, डबा परत आला की पैसे परत. भाकरी केळीच्या पानात. मोबाइलवरून घरपोच मागवणाऱ्यांना सध्या फक्त सुकं मटण आणि भाकरी मिळेल, रस्सा नाही, कारण त्या पोरांच्या पिशवीत डबा गेला तर परत कसा येणार याची सोय मला अजून लावता आलेली नाही. या चार दिवसांत तिकडच्या ऑर्डरी निम्म्याहून कमी झाल्या. काही जण काउंटरवर भांडूनही गेले. जाऊ देत.

खरं तर सासूबाईंच्या काळात किटलीच चालायची. रविवारी अकराला दारात पोरं किटल्या घेऊन उभी, कुणाची पितळी, कुणाची ॲल्युमिनियमची, आणि प्रत्येकीच्या कडीला ओळखू यावी म्हणून सुतळी नाहीतर चिंधी बांधलेली. सासूबाई नाव न विचारता चिंधीवरून सांगायच्या कुणाला किती द्यायचा. पिशवी मी आणली, गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो म्हणून.

एवढं करूनही माझ्या ताटात प्लास्टिकचा कणही नाही असं मी लिहून देणार नाही. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेनं 2024 मध्ये मीठ आणि साखर तपासली, तर तपासलेल्या प्रत्येक नमुन्यात सूक्ष्म प्लास्टिक निघालं, आयोडीनयुक्त मिठात सगळ्यात जास्त, किलोमागं 89 तुकड्यांपर्यंत. मीठ मला घालावंच लागणार. माझ्या हातात होतं ते उकळता रस्सा पिशवीत न ओतणं, आणि तेवढंही मी करत नव्हते. त्याबद्दल तुमची आणि खास करून वहिनींची मनापासून माफी मागते. त्यांना काही त्रास वाटत नसेल अशी आशा आहे. मनात शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी जरूर बोला.

तुमच्या पार्सलचे 560 रुपये पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत, पाकिटावर "रविवारच्या ताई" असं लिहिलंय. मी नसले तरी तोच मुलगा देईल. येताना भटारखान्यात डोकावा, मसाल्याचे डबे, तेलाचा डबा, पाट, सगळं उघडून बघा. आणि वहिनींना पांढरा रस्सा हवासा वाटला तर आदल्या दिवशी फोन करा. मिरी बेताची घालून वेगळा काढून ठेवीन, किटली तेवढी घेऊन या.