रुमालाने धरलेली जागा

बेळगावच्या स्टँडवर खानापूरची गाडी लागली की बाबा धावत सुटायचे आणि खिडकीतून आत रुमाल टाकायचे. आई मागून पिशव्या सांभाळत सावकाश यायची, रुमाल उचलून बसायची. बाबा दांडीला धरून उभे. आमच्या घरातलं स्त्रीदाक्षिण्य म्हणजे तो निळ्या काठाचा रुमाल. गावी पोचल्यावर मात्र बाबांना पाण्याचा तांब्या आधी आणि पिशव्या नंतर, दोन्ही आईनेच करायचं.

हे आठवलं आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना आहे. राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या गाड्यांतून राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. शिनोळीला महाराष्ट्र लागला की ही सवलत संपते, तिकडे एसटीत अर्धं तिकीट. तेव्हापासून ग्रुपवर एकच रड: "तिकीट फुकट, वर जागा बी त्यांनाच पायजे काय?" लिहिणारे सगळे पूर्वी बाई चढली की उठणारे. मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला बसून वाचतो आणि स्वतःलाच विचारतो, आपण उठत होतो ते तिच्यासाठी, की तेव्हा गाडीत बायका मोजक्याच असायच्या म्हणून? पाचजणींसाठी उठणं सोपं होतं. आता तीस चढतात, बाजाराला, नोकरीला, माहेरी, कुणाला न विचारता. (दाक्षिण्य हा शब्दही तसा साधा नाही. संस्कृत नाट्यशास्त्रातला 'दक्षिण' नायक म्हणजे मन दुसरीवर जडलं तरी पहिलीशी गोड वागणारा गृहस्थ!)

पण म्हणून स्वीडनची आरती ओवाळणार नाही. बायको सात महिन्यांची गरोदर असताना ट्राममध्ये कुणी जागेवरून हललं नाही. सगळे मोबाइलमध्ये. शेवटी तिने एकाला विचारलं, तर तिघे उठले. न मागता मदत केली तर समोरच्याला कमी लेखल्यासारखं होईल, ही इथली भीती. मला ते आजही रुक्ष वाटतं. बेळगावात तिला तोंड उघडावं लागलं नसतं.

मुलगी झाल्यावर मात्र दुसरी बाजू दिसली. इथे १९७४ पासून बाळंतपणाच्या रजेच्या जागी आई-बाप दोघांची मिळून रजा आहे. आता ती ४८० दिवसांची, त्यातले ९० दिवस एकट्या बापाचे. त्याने घेतले नाहीत तर वाया जातात, आईला देता येत नाहीत. मी सात महिने घरी राहिलो. काकांचा फोन आला, "नोकरी गेली काय गा?" पहिल्या आठवड्यात पेज करपली, लंगोट उलटा लागला, आणि दुपारी दोनपर्यंत माझी आंघोळ नाही. बायको, निपाणीची, संध्याकाळी कामावरून यायची, चप्पल काढायची आणि सोफ्यावर बसायची. तिला बसायला जागा दिल्याचं समाधान मला तेव्हा पहिल्यांदा मिळालं. ट्राममधल्या त्या प्रसंगाबद्दल नंतर विचारलं तर म्हणाली, "ती वीस मिनिटांची गोष्ट होती." मला हे पूर्ण पटलेलं नाही. त्या वीस मिनिटांत तिचे पाय सुजले होते.

गेल्या सुट्टीत आई, बाबा आणि मी असे तिघं खानापूरला निघालो. बाबांचा गुडघा गेलाय. गाडी लागली तशी आई पुढे झाली आणि तिने खिडकीतून आपली पिशवी आत सारली. दोन जागा धरल्या, एक तिची, एक बाबांची. बाबा चढले, त्यांनी तिकीट काढलं आणि दांडीला धरून उभे राहिले.

"बसा की," आई म्हणाली.

"असू दे. कोण बाई चढली तर."

देसूरपर्यंत ते उभेच होते. मग कंडक्टर कावला, "आजोबा, बसा नाहीतर ती पिशवी तरी उचला."

आईने पिशवी मांडीवर घेतली.