‘मिरगीच्या गोळ्या आजच बंद करा’ या संदेशाला उत्तर

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: मिरगीच्या गोळ्या आजार नुसता दाबतात. परदेशात त्या केव्हाच मागे पडल्या. आजपासून गोळ्या बंद करा, रोज चार चमचे खोबरेल तेल प्या, सीबीडी तेल (भांगेच्या झाडातल्या एका घटकाचे) घ्या, नाहीतर ऑपरेशन करून कायमचे मोकळे व्हा. डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत.

मला शाळेत असल्यापासून फिट्स येतात, म्हणून काळजीपोटीच अनेकांनी हा संदेश माझ्याकडे पाठवला. त्यातले काही उपचार खरे आहेत. त्यामुळे तो चटकन पटतो, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

‘आजपासून गोळ्या बंद करा.’ या एका वाक्याने जीव जाऊ शकतो. चालू गोळी एकाएकी तोडली तर एका फिटमधून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू होऊ शकते. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच १०८ ला फोन करायचा असतो. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात, तीही साधारण दोन वर्षे फिट आली नसेल तर.

‘गोळ्या नुसत्या दाबतात.’ गोळी आजाराचे मूळ काढत नाही, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर शंभरातल्या सत्तर जणांपर्यंत फिट्स थांबू शकतात. फिट न येणे म्हणजे विहिरीवर एकटीने जाता येणे, नोकरीत टिकता येणे. ज्याला हे मिळाले आहे त्याला ‘नुसते दाबले’ असे मी कधीच म्हणणार नाही.

‘डॉक्टर सांगणार नाहीत.’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे. अपस्मारावर, म्हणजे मिरगीवर, काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली व्याख्या ठरवून दिली: नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट्स थांबत नसतील तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार समजावा. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या गोळीने फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता फारच थोडी उरते. अशा माणसाला एमआरआय आणि व्हिडिओ ईईजीसाठी (चित्रीकरण चालू ठेवून मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) मोठ्या केंद्रात पाठवायला हवे. प्रत्यक्षात अनेकांची वर्षेच्या वर्षे गोळ्या बदलण्यात जातात. घरचे मग देवळात कौल लावतात. त्यांना मी अडवत नाही, फक्त गोळी चुकवू नका म्हणते. पण वेळेवर पुढे न पाठवल्याचा दोष गोळ्यांच्या माथी मारून कसे चालेल?

‘रोज चार चमचे खोबरेल.’ याच्या मुळाशी केटोजेनिक आहार आहे, म्हणजे शरीराला साखरेऐवजी चरबी जाळायला लावणारा आहार. तो १९२१ पासून अपस्मारासाठी वापरला जातो आणि गोळ्यांनी न थांबणाऱ्या काही मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण त्याच्या मूळ पद्धतीत प्रथिने आणि पिष्ट मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ चार ग्रॅम, असे प्रत्येक घास तोलून जेवायचे असते. पेज नाही, पाव नाही, चतुर्थीची नेवरी नाही. खोकल्याच्या औषधातली साखरसुद्धा मोजायची. मूतखडा होऊ शकतो, मुलाची वाढ मंदावू शकते आणि चयापचयाच्या काही जन्मजात आजारांत हा आहार घातक ठरतो, म्हणून आधी तपासण्या लागतात. शीतकडीच्या (भात-आमटीच्या) जेवणावर वरून तेल प्यायल्याने यातले काहीच साधत नाही, कारण भाताची साखर चालू असताना शरीर चरबीकडे पुरेसे वळत नाही.

‘सीबीडी तेल घ्या.’ २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेले शुद्ध सीबीडीचे औषध प्रथम ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन दुर्मिळ, गंभीर प्रकारांसाठी होते. त्याच्या चाचण्या झाल्या त्या आधीच्या गोळ्या चालू ठेवून. मिरगीच्याच गोळ्यांपैकी क्लोबाझामसोबत ते गुंगी वाढवते, व्हॅल्प्रोएटसोबत यकृतावर ताण आणू शकते. किनाऱ्यावर कुणी विकत असलेल्या बाटलीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

‘ऑपरेशन करून मोकळे व्हा.’ मेंदूत फिट जिथून सुरू होते ती जागा नेमकी सापडली आणि ती काढण्याजोगी असली, तर शस्त्रक्रियेसारखा उपाय नाही. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरची ७ टक्के. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातल्या ३३ टक्के मुलांना गंभीर त्रासही झाला, बहुतेकांना एका बाजूचा अशक्तपणा. काही शस्त्रक्रियांत तो येणार हे आधीच माहीत असते. तरीही अनेक आईबाप ती निवडतात, आणि मला ते समजते. पण नंतरही गोळ्या बराच काळ चालू राहतात. छातीत बसवून मानेतल्या नसेला झटके देणाऱ्या यंत्राने तर फिट्स सहसा कमी होतात, पूर्ण थांबणे विरळाच.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात, आणि मडगावहून तिथे थेट गाडी आहे. दोन औषधे होऊनही फिट्स येत असतील तर पुढच्या वेळी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाताना फिट्सच्या तारखांची वही, आजवरच्या प्रत्येक गोळीचे नाव व मात्रा, आणि घरच्यांनी मोबाइलवर टिपलेली एखादी फिट घेऊन जा. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझी शस्त्रक्रियेसाठी तपासणी करता येईल का?’ उत्तर मिळेपर्यंत रात्रीची गोळी वेळेवर घ्या.